मामांचा झुरका

आधी चहा ओतून घ्या. मध्येच कुणी साखर मागायला उठलं तर मी हा किस्सा तिथंच सोडून देईन, आणि खरं सांगायचं तर मी तेवढ्याच निमित्ताची वाट बघतोय. आजवर हे मी स्वतःहून कुणाला सांगितलेलं नाही. गरजच पडली नाही. पेणमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि रोह्यात माझ्या बायकोने सांगितलंय. मधल्या एखाद्या स्टेशनावर कुणी राहिलं असेल तर असेल.

तर मी धाटावला एका केमिकल कंपनीत मेन्टेनन्सला आहे, राहतो रोह्यात, आणि सिगारेट ओढायचो. किती, ते विचारू नका. मी दोन दिवस रजेवर असलो की गेटबाहेरचा टपरीवाला घरी फोन करून माझ्या तब्येतीची चौकशी करायचा. एवढ्यावरून काय ते ओळखा.

सोडायचा प्रयत्न केला नाही असं समजू नका हं! केला. पुष्कळदा केला. सोडण्यात तर माझा हात धरणारं कुणी नव्हतं. फक्त दर वेळी सोडल्याच्या आनंदात एक ओढायचो. तिथं जरा घोटाळा व्हायचा.

आता माझे सासरे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. पेणला त्यांचा गणपतीचा छोटा कारखाना आहे. माणूस कामाला वाघ, बोलायला मुका. आणि बिडी! मामांच्या एका कानावर ब्रश आणि दुसऱ्या कानावर बिडी. घाईगर्दीच्या दिवसांत एकदा ते ब्रशला काडी लावायला निघाले होते म्हणतात.

मूर्ती उचलून उचलून मामांना हर्निया झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन साधं आहे, पण या छातीला भूल द्यायला आमची तयारी नाही. आधी बिडी बंद करा, छाती सुधारा, मग तारीख देतो. आणि फार दिवस काढू नका, तो हर्निया अडकला तर भलतीच धावपळ होईल.

त्या रविवारी आम्ही सगळे पेणला जेवायला होतो. सासूबाईंनी विषय काढला. मामा ताटाकडे बघत म्हणाले, "सोडीन. पन एकट्यानं नाय. जावयबापू सोडनार असतील तर सोडीन."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात पोह्याचा पापड होता. तो वाजू नये म्हणून मी चावायचा थांबलो.

"सोडतायत ते," माझी बायको सुवर्णा म्हणाली.

बघा हं! 'सोडतील' नाही. 'सोडतायत'.

मग मामांनी नियम सांगितले. तलप आली की एकमेकांना फोन करायचा. ती जाईपर्यंत बोलत राहायचं. "आनि मी बिडी ओढली तर तुमी मोकळे. तुमी ओढलीत तर मी मोकळा."

परतताना सुवर्णा एवढंच म्हणाली, "माझ्या बाबांचं ऑपरेशन आता तुमच्या तोंडावर आहे." त्या दिवसापासून माझ्या तोंडाला कधी नव्हे तो मान आला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी गेटबाहेर आलो. टपरीवाल्याने पाकीट पुढे केलं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि फोन लावला.

"मामा, आली."

"येऊ दे. बोला कायतरी."

आता बोलायचं काय? लग्न झाल्यापासून आमच्यात दोनच वाक्यं चालत आली होती. मी म्हणायचो, "कसं काय, मामा?" ते म्हणायचे, "बरं हाय." ती दोन्ही आम्ही पहिल्याच मिनिटात वापरून टाकली.

"तुमच्या कंपनीत बनतं काय नक्की?" मामांनी विचारलं.

"एक पावडर बनते. ती दुसऱ्या कंपनीत जाते. तिथं तिचं काहीतरी बनतं."

"म्हंजे तुमाला पन म्हाईत नाय."

"नाय."

पण खरं सांगतो, तलप गेली! असं रोज व्हायला लागलं. मी पंपाचं सील कसं बदलतात ते सांगायचो, मामा सोंडेचं वळण कुठं चुकतं ते सांगायचे. उंदराला मिशा काढाव्यात की नाहीत यावर आमचं एकदा भांडण झालं आणि मी चक्क रात्रपाळीला ताजातवाना गेलो. हा माणूस मला आवडायला लागला होता. सासरा आवडणं ही काय चीज आहे, हे ज्याला सासरा आहे त्यालाच कळेल.

आणि मग मला तो आवाज ऐकू आला.

मी बोलत होतो, मामा ऐकत होते, आणि फोनमधून आलं, "सूऽऽऽऽप." मग शांतता. मग "फूऽऽऽऽ."

मी थांबलो. "मामा?"

"हां, बोला बोला," मामा जरा धापा टाकत म्हणाले.

मी पुढे बोललो. परत "सूऽऽऽऽप." शांतता. "फूऽऽऽऽ."

अहो, ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षं धुरात काढली त्याला हा आवाज काय सांगावा लागतो? माणूस झुरका मारत होता! आणि कधी? मला सिगारेटपासून वाचवत असताना!

माझ्याबरोबर गजानन म्हणून एक जण आहे, निडीचा. रोज गाडीवरून कंपनीत येतो. ओढण्यात माझ्यापेक्षा अनुभवी. दुसऱ्या दिवशी मी मामांना फोन लावून स्पीकर चालू केला आणि गजाननला नुसती खूण केली. त्याने डोळे मिटून ऐकलं. वैद्य नाडी बघतो तसं.

फोन ठेवल्यावर म्हणाला, "झुरका हाय."

"नक्की?"

"नक्की. पन दिनेश, ही बिडी नाय."

"मग?"

"बिडीचा झुरका येवढा लांब जात नाय. बिडी इझते. आनि मधे तो दम धरून ठेवतोय, ऐकलंस ना? ही चिलीम हाय."

चिलीम! गणपतीच्या कारखान्यात! मी खालीच बसलो. गजानन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बिडी सुटली की मानूस तिकडं वळतो. आमच्या आळीत एक व्हते तसे." ते कोण आणि त्यांचं पुढे काय झालं, हे त्याने सांगितलं नाही. त्यामुळे मी आणखीच घाबरलो.

घरी आलो तर सुवर्णा आईशी फोनवर बोलत होती. फोन ठेवून म्हणाली, "बाबा हल्ली दुपारी मागच्या खोलीत कडी लावून बसतात म्हणे. आईने विचारलं तर म्हणाले, मूर्तींचे डोळे आखतोय. कडी लावून कोण डोळे आखतं हो?"

 बायकोला तिच्या वडिलांबद्दल चिलीम हा शब्द कुठल्या तोंडाने सांगणार? माझ्या तोंडावर आधीच एक ऑपरेशन होतं.

पण तुम्ही आपली माणसं, म्हणून सांगतो. मला वाईट वाटलं. मामांची काळजी वाटली. आणि त्या काळजीच्या खाली, अगदी तळाला, एक बारीकशी उकळी फुटत होती. मामांनी ओढली तर मी मोकळा!

पुढच्या सुट्टीला मी सुवर्णाला म्हटलं, "मामांना एकदा समक्ष भेटून येतो." तिचे डोळे भरून आले. वालाच्या बिरड्याचा डबा भरून दिला. म्हणाली, "तुम्ही किती करताय बाबांसाठी."

गाडीत बसलो. निडी येईपर्यंत मला वाईट वाटत होतं. नागोठण्याला राग आला. कासूला मी वकील झालो होतो आणि पेण आलं तेव्हा निकाल लागलेला होता. आता फक्त आरोपीला कळवायचा राहिला होता.

कारखान्याच्या पुढून गेलो नाही. मागून गेलो. मागच्या खोलीला पत्रा आहे. मी डबा छातीशी धरून पत्र्याला कान लावला.

"सूऽऽऽऽप."

शांतता.

"फूऽऽऽऽ."

आणि मग मामांचा खोकला. त्यामागून मामांचा आवाज, स्वतःशीच, "अरे हट! परत."

परत! म्हणजे एकावर भागत नव्हतं!

मी तसाच मागे वळलो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. टपरीवाला ओळखीचा नव्हता, तरी माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने न विचारता सिगारेट दिली. मी पेटवली. दुःखाने पेटवली, हे लक्षात घ्या. पहिल्या झुरक्याला काही चव लागली नाही. दुसऱ्याला अपराधी वाटलं. तिसऱ्याला बरं वाटलं, आणि सगळ्यात वाईट तेच होतं. बडीशेपसुद्धा घेतली नाही. का घ्यावी? चोर मी थोडाच होतो?

कारखान्यात पुढच्या दाराने शिरलो. आत माझा मेहुणा रुपेश मूर्तीला पॉलिश पेपर मारत होता. रंगकाम करणाऱ्या बायका ओळीने बसल्या होत्या. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन नुकत्याच आल्या होत्या.

"अगो बाय, जावई!" सासूबाई म्हणाल्या. "एकटेच? सुवर्णा नाय आली?"

"मामा कुठंयत?"

"मागं. डोळे आखतायत."

"आखू द्या. तुम्ही सगळे माझ्याबरोबर या."

माझ्या आवाजात असं काहीतरी असणार, कारण सगळे उठले. रुपेश उठला, बायका हातात ब्रश घेऊन उठल्या, सासूबाई ट्रेसकट निघाल्या. मूर्तींच्या मधल्या बोळातून आमची मिरवणूक मागच्या दारापाशी आली.

मी घसा साफ केला. "आई, रुपेश, तुम्हाला हे ऐकून त्रास होईल. मलाही झाला. पण वेळेवर कळलेलं बरं. आपण सगळे त्यांना सांभाळून घेऊ."

"काय झालंय काय भावोजी?" रुपेश म्हणाला.

 मी दारावर जोरात थाप मारली आणि सगळी ताकद लावून ओरडलो, "मामा! पुरे झालं! मी सगळं ऐकलंय!"

आतून आवाज आला, "सूऽऽऽऽऽऽऽऽप!"

इतका लांब मी आजवर ऐकला नव्हता. रुपेश घाबरला. त्याला वाटलं वडिलांना काहीतरी झालं. त्याने खांदा लावला, कडी निखळली आणि दार उघडलं.

मामा स्टुलावर बसले होते. अंगात बनियन. तोंडात निळी प्लास्टिकची नळी. नळीचं दुसरं टोक एका पारदर्शक डबीला जोडलेलं. डबीत शेजारी शेजारी तीन उभे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक रंगीत गोळी. तीनही गोळ्या पार वर जाऊन चिकटलेल्या. मामांचे डोळे त्यांनी आजवर आखलेल्या सगळ्या डोळ्यांपेक्षा मोठे झालेले.

मग त्यांनी श्वास सोडला. खट्, खट्, खट्. गोळ्या खाली पडल्या.

 मामांनी तोंडातली नळी काढली, डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तिसरी!" मामा म्हणाले. "बघितलीत? तिसरी वर गेली!"

"हे काय हाय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"डॉक्टरनी दिलीय. छातीच्या व्यायामाला. ही नळी तोंडात धरायची आनि दम आत खेचायचा. जेवढा दम तेवढ्या गोळ्या वर. तिसरी वर गेली की या म्हनाले, तारीख देतो. दोन पतुर जायच्या. तिसरी काय केल्या जाईना. आनि आत्ता जावयबापूंनी अशी काय हाक मारली, मी घाबरून जो दम खेचला..."

"मग घरात सांगायला काय झालं होतं, बाबा?" रुपेश म्हणाला.

मामांनी बायकांच्या ओळीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "येवढा म्हातारा बाप्या, पोरासारखा गोळ्या उडवत बसलाय. ह्या हसल्या असत्या."

त्या हसतच होत्या.

माझ्या हातात वालाच्या बिरड्याचा डबा होता. डोक्यात एकच विचार, की आपल्याला आता पेणमधून ताबडतोब निघायला हवं. मी एक पाऊल मागे घेतलं. मागे गौरीचे मुखवटे वाळत ठेवले होते. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मामा स्टुलावरून उठले. "हा मानूस!" ते सगळ्यांना सांगू लागले. "ह्याचा फोन आला नसता तर मी कवाच शिलगावली असती. ह्याला तलप आली की मला पन यायची. मग ह्याला स्पीकरवर ठेवायचा आनि गोळ्या ओढायच्या. ह्याच्या त्या पंपांच्या गोष्टी ऐकत दोन गोळ्यांपतुर आलो मी!"

आणि आयुष्यात ज्याने कुणाला मिठी मारल्याचं पेणमध्ये कुणी बघितलं नव्हतं, तो माणूस हात पसरून माझ्याकडे आला.

"नको मामा, मला सर्दी आहे," मी म्हणालो.

"आसूं दे!"

मिठी मारली. घट्ट. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर. आता एक गोष्ट लक्षात घ्या, बिडी सुटलेल्या माणसाचं नाक परत येतं. इतक्या वर्षांनी मामांचं नाक परत आलं होतं, आणि ते अगदी नव्यासारखं चालत होतं.

मिठी हळूहळू सैल झाली. मामांनी एकदा हुंगलं. मग नीट हुंगलं.

"सिगारेट," ते म्हणाले. "आत्ताचीच."

कारखान्यातलं हसणं थांबलं. रुपेश माझ्याकडे बघायला लागला. सासूबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. कारण नियम घरातल्या सगळ्यांना पाठ होता. जावयाने ओढली तर मामा मोकळे. ऑपरेशन, तारीख, एवढी वर चढलेली तिसरी गोळी, सगळं माझ्या त्या तीन झुरक्यांनी टांगणीला लावलं होतं.

"मामा, मला वाटलं तुम्ही आत..." मी सुरुवात केली.

"काय वाटलं?"

"चिलीम," मी म्हणालो.

आता हा शब्द मला मनातल्या मनात म्हणता आला असता. पण नाही. रंगकामवाल्या बायकांतल्या एकीने तोंडाला पदर लावला.

 मामांनी लेंग्याच्या खिशात हात घातला आणि काडेपेटी बाहेर काढली. सासूबाईंच्या तोंडून "अहो, नको" एवढंच निघालं.  या माणसाला काही झालं तर सुवर्णासमोर उभं कसं राहायचं, हा पहिला खरा विचार माझ्या डोक्यात त्या दिवशी तेव्हा आला. सकाळपासून जे चाललं होतं तो विचार नव्हता, ती तलप होती.

मामांनी पेटी उघडली. आत लवंगा होत्या. त्यांनी एक स्वतःच्या तोंडात टाकली आणि पेटी माझ्यापुढे धरली.

"घ्या," ते म्हणाले. "माझी तिसरी वर गेलीय. मी आता नाय ओढनार. तुमची ओढून झाली आसंल तर उद्यापास्नं परत फोन करा."

मी लवंग घेतली. ती फार तिखट लागली. डोळ्यांत पाणी आलं ते लवंगेनेच, असं मी सगळ्यांना सांगितलं.

तिथं थांबलं असतं तरी चाललं असतं, नाही का? पण सासूबाई म्हणाल्या, "लवंगेनं काय व्हतंय? ती डबी द्या त्यांच्या तोंडात. बघू दे छाती कशी हाय."

रुपेशने नळी पाण्याने धुऊन आणली. मला स्टुलावर बसवलं. सगळ्या बायका गोल करून उभ्या राहिल्या. मी विचार केला, सासरा वयाने एवढा मोठा, वर हर्निया, जन्मभर बिडी, आणि तो तिन्ही गोळ्या उडवतो. आपण तर कंपनीत जिने चढतो. दाखवू यांना! नळी तोंडात धरली, पोट आत घेतलं आणि जीव खाऊन खेचलं.

कप्प्यातली पहिली गोळी जागच्या जागी थोडी थरथरली आणि परत बसली.

"हलली गो, हलली!" एक बाई म्हणाली. मला धीर द्यायलाच म्हणाली असावी.

"परत वढा," मामा म्हणाले.

परत ओढलं. या वेळी तीही हलली नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र काजवे चमकले आणि मी स्टूल घट्ट धरलं.

सासूबाईंनी ती डबी उलटसुलट करून बघितली आणि गंभीरपणे रुपेशला म्हणाल्या, "डॉक्टरला इचार रं, ह्याच्यात लहान पोरांचं येतं का."

मामांचं ऑपरेशन पुढे नीट पार पडलं. बिडी सुटली ती सुटलीच. मामा आता खोकल्याशिवाय शिडीवर चढतात आणि मला वरून सूचना करतात. माझीही सुटली. कंपनीतल्या सुट्टीत मी अजून त्यांना फोन करतो, तलप नसली तरी करतो. गजाननला आम्ही आता कुठलाही आवाज ऐकवत नाही.

पण त्या दिवशी संध्याकाळी मी पेणच्या फलाटावर उभा होतो. रिकामा डबा हातात. रोह्याला जाईपर्यंत सुवर्णाला काय आणि कसं सांगायचं ते मनात जुळवत होतो. आधी तिसऱ्या गोळीचं सांगू, तिला आनंद होईल, त्या आनंदात सिगारेटचं हळूच सांगू, चिलमीचं सांगायचंच नाही. गाडी यायला वेळ होता, सगळं छान जुळत आलं होतं. एवढ्यात फोन वाजला. सुवर्णाचा.

मी श्वास धरून उचलला. ती रडेल, भांडेल, निदान नाव घेऊन ओरडेल.  पण अगदी शांतपणे, चौकशी केल्यासारखी, ती म्हणाली,

"हलली म्हणे."